छोट्या पॅकमधली दोरी

माझ्या धाकट्या बहिणीकडं माझं अर्धं गाव आहे आणि ते ती मला द्यायला तयार नाही. जुन्या सामानाचा धंदा मी एकटीनं उभा केला. भल्याभल्यांच्या घरातली कपाटं आणि पलंग माझ्या भावात उचलून आणले. या एका पोरीपुढं मात्र माझं काही चाललं नाही.

गाव कॉम्प्युटरमधल्या खेळातलं आहे. त्या खेळात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. त्यात माणसं असतात. त्यांना घर बांधून द्यायचं, कामाला लावायचं, जेवू घालायचं, त्यांची लग्नं लावायची. ती म्हातारी होतात आणि मरतातही. मूळ खेळ फुकट असतो, त्यात एक साधं गाव मिळतं आणि बाकीचं सगळं इंटरनेटवरून वेगळं विकत घ्यावं लागतं. त्याला पॅक म्हणतात. छोट्या पॅकमध्ये चार खुर्च्या, एखादा पडदा, दोन-तीन कपडे, असलं काहीतरी. मोठ्या पॅकमध्ये आणखी एक गाव, नवे धंदे, ऋतू, गुरंढोरं. मी मोठ्याच्या बाजूची, बहीण छोट्याच्या.

मी मोठ्याची का, ते सांगते. वडील गेले तेव्हा मी बारावी झाले होते. शेजारणीला तिचं लोखंडी कपाट काढून टाकायचं होतं. मी ते उधारीवर घेतलं, गंगावेशीत एका नव्या जोडप्याला विकलं आणि त्याच दिवशी मला माझा धंदा सापडला. तेव्हापासून माझा एकच नियम: घ्यायचं तर लॉट घ्यायचा. एक खुर्ची मागायला गेलं की समोरचा नाक वर करतो. सगळं घर उचलते म्हटलं की तोच माणूस चहा विचारतो. लॉटमध्ये निम्मं भंगार येतं, पण उरलेलं निम्मं पोट भरतं.

कॉम्प्युटरही असाच लॉटमध्ये आला. राजारामपुरीतला एक क्लास बंद पडला होता. आठ बाकं, फळा, दोन पंखे आणि तो कॉम्प्युटर. बाकीचं विकलं गेलं. कॉम्प्युटर बहिणीनं धरून ठेवला. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तेव्हा कॉलेजात होती आणि गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. मला त्या खेळात काडीचा रस नव्हता. एका दुपारी जेवायला घरी आले तर हिनं पडद्यावरच्या घरात कपाट बरोबर खिडकीच्या तोंडावर लावलेलं.

"खिडकी कुणी झाकतंय व्हय गं? उजेड कुठनं येणार?"

"आक्का, खेळ हाय ह्यो."

"खेळ असू दे न्हायतर खरं असू दे. सरक, माऊस हिकडं दे."

त्या दुपारी मी दुकान तासभर उशिरा उघडलं. दुसऱ्या दिवशीही. पुढं पुढं सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी जेवून बसायचो ते चहाची वेळ टळली तरी उठायचो नाही. घरं मी मांडायचे, माणसं ती घडवायची. एक टक्कल पडलेला म्हातारा, त्याची तापट बायको आणि त्यांच्या तीन मुली. ती बायको कुणावर बेतली आहे ते मी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. आई मागं शेंगा निवडत बसायची. "खोट्या घरापायी भांडताय दोघी. खऱ्या घराचं पत्रं गळतंय, ते बघा की," असं दर खेपेला म्हणायची आणि थोड्या वेळानं स्वतःच विचारायची, "मधल्या पोरीचं ठरलं का?"

पहिला पॅक घ्यायची वेळ आली तेव्हा बहिणीला एक छोटा हवा होता. त्यात कपडे धुवायची टोपली, टब आणि वाळत घालायची दोरी होती. एवढंच.

"दोरीला पैसे?" मी ओरडले. "गच्चीवर चार पदरी दोरी बांधलीय. जा, फुकटात बघत बस."

"तसं न्हाय आक्का. दारात कपडं वाळत घातल्याबिगर घरात माणसं राहत्यात असं वाटतंय का? आपल्या म्हाताऱ्याचं घर बघ. दुकानात मांडून ठेवल्यागत दिसतंय."

मला ते पटलं नाही. त्याच्या शेजारीच ऋतूंचा मोठा पॅक होता. पाऊस, ऊन, थंडी, बर्फ, सणवार, बागकाम. किंमत चौपट, पण माल दहापट. मी म्हटलं, हाच. फक्त लिहिलेल्या भावात घेणार नाही. जन्मात कधी घेतलं नव्हतं. मी बहिणीला कंपनीला मेसेज लिहायला लावला: दोन मोठे एकदम घेतले तर शेवटचं काय लावाल? उत्तर आलं, संपर्क साधल्याबद्दल आभार. मी म्हटलं, लिही, आभार नकोत, भाव सांगा. पुन्हा आभार आले. तिसऱ्यांदा मी काय लिहायला सांगितलं ते बहिणीनं लिहिलंच नाही. मशीन आहे पलीकडं, म्हणाली. मला आजही वाटतं, समोर माणूस असता तर मी भाव खाली आणलाच असता.

मग बहिणीनं शोधून काढलं की मधूनमधून मोठे पॅक अर्ध्या किमतीला येतात. वाट बघण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. मी तिला बजावलं, रोज ते पान उघडून बघू नको, गरज दिसली की भाव चढतो. ती हसून लोळायची, पण मी सांगितलं म्हणून उघडायची नाही. शेवटी आला तो पॅक अर्ध्यावर. माझ्या मोबाइलच्या नेटवर तो उतरायला अख्खा दिवस लागला. त्या दिवशी मी घरात कुणाला फोन लावू दिला नाही.

संध्याकाळी त्या गावात पाऊस आला. म्हातारा अंगणात भिजत उभा राहिला.

"आता ह्येची कापडं कुठं वाळवू?" बहीण म्हणाली. "पाऊस घेतलास, दोरी न्हाय घेतलीस."

तसं तिचं बरोबर होतं, पण मी ते कबूल केलं नाही. पुढं दोन-तीन वर्षांत मी गुरांचा पॅक घेतला, कॉलेजचा घेतला, समुद्राचा घेतला. सगळे मोठे, सगळे अर्ध्या भावात, निम्मे पैसे माझे आणि निम्मे तिच्या शिकवण्यांतले. माझ्या लॉटच्या नियमात एकच खोट निघाली. दुकानात आलेलं भंगार मी मोडीत घालू शकते. या पॅकमधला बर्फ मी कुणाला विकणार? कोल्हापुरात बसून आम्ही ढीगभर बर्फ घेऊन ठेवला होता आणि दारात एक दोरी नव्हती. दर सेलला ती छोट्या पॅकवर बोट ठेवायची आणि मी म्हणायचे, पुढच्या खेपेला.

तिचं लग्न इचलकरंजीत ठरलं. दाजी यंत्रमागाच्या शेडवर सुपरवायझर, सरळ माणूस. त्याच सुमारास मी पन्हाळ्यावरच्या एका बंगल्याचं सामान उचललं होतं. त्यात एक आरसा होता, शिसवी चौकटीचा, खाली पितळी बोंडाचा लहानसा खण. बहीण गोदामात आली, खण उघडला, मिटला, परत उघडला. "आक्का, मला ह्यो दे. दुसरं काय न्हाय दिलंस तरी चालंल." मी म्हटलं, ठेवते बाजूला.

चार दिवसांनी गोव्याकडचा एक हॉटेलवाला आला. सगळा लॉट घेतो, म्हणाला, आरशासकट दिलात तर. दोन तास मी घासाघीस केली आणि मला हवा तो भाव मिळाला. आरसा गेला. आणि मी बहिणीला काही कमी केलं नाही, हे मी कुणापुढंही सांगेन. कपाट, पलंग, गादी, मिक्सर, आणि त्या आरशाच्या तिप्पट आकाराचा नवा कोरा आरसा. टेम्पो भरून पाठवला. पाठवणीच्या दिवशी ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात पडली तेव्हा हळूच म्हणाली, "एकच मागितलं होतं." वऱ्हाड उभं असताना मी तिच्यावर डाफरले. तिप्पट मोठा दिलाय, डोळं हायत का न्हायीत? ते मी बोलायला नको होतं.

पंधरा दिवसांनी एका दुपारी मी कॉम्प्युटर लावला. खेळानं पासवर्ड मागितला. माझ्याकडं पासवर्ड नव्हता. सगळे पॅक तिच्या ईमेलवर घेतलेले. जुन्या खुर्चीचीसुद्धा पावती सांभाळणारी बाई मी, पण खरेदी कुणाच्या नावावर होतेय हे कधी विचारलं नव्हतं. गल्लीतल्या एका जाणकाराला बोलावलं. त्यानं माझं नवीन खातं काढून मूळ खेळ सुरू करून दिला. माणसं माझ्याच कॉम्प्युटरवर साठवलेली होती, ती दिसली. पण पॅक तिच्या खात्यावर. म्हातारा बिनछपराच्या खोलीत उभा, गोठा गायब, गुरं गायब, समुद्राचं गावच नाही. माणसं माझ्याकडं राहिली होती आणि त्यांचा संसार तिच्याबरोबर गेला होता. मी ते तसंच न साठवता बंद केलं आणि फोन लावला.

"पासवर्ड सांग."

"आरसा दे."

"आगं, तो गोव्यात हाय."

"मग पासवर्ड इचलकरंजीत हाय."

मी फोन आपटला. पुढचं जवळजवळ वर्ष आम्ही आईमार्फत बोललो. आई फोनवर असली की मी मोठ्यानं भांडी घासायचे. पलीकडून ती विचारायची, "कोण वाजवतंय गं?" आणि आई म्हणायची, "हाय एक."

त्या वर्षात मी हॉटेलवाल्याला तीनदा फोन केला. आधी विकलेल्या भावात मागितला, मग दीडपट, मग म्हटलं, तुम्हीच बोला. विकत घ्यायला गेल्यावर भाव दुसऱ्याला ठरवू द्यायची ती माझी पहिली वेळ. तो म्हणाला, मॅडम, भिंतीत पक्का बसवलाय, काढला तर फुटेल. मी हे बहिणीला सांगितलं नाही. आईनं सांगितलं असणार, कारण पंचमीला ती माहेरी आली, पिशवी ठेवली आणि पाणीही न पिता कॉम्प्युटरसमोर बसली.

"लाव."

मी लावला. पासवर्ड टाकताना तिनं डाव्या हातानं कीबोर्ड झाकला.

"झाकतीस काय? चोर हाय काय मी?"

"तुझा काय नेम न्हाय. सगळं लॉटमधी उचलतीस."

आई खुदकन हसली. गाव उघडलं. छप्पर आलं, गोठा आला, गुरं आली. म्हातारा वर्षभर जिथं होता तिथंच होता, वय एका दिवसानंही न वाढता. पाऊस पडत होता. मी पदरानं उगीचच पडद्यावरची धूळ पुसली.

मग मी म्हटलं, "ती दोरी अजून मिळतीया का बघ."

"मिळतीया. सेल न्हाय पण."

"घे."

"पुऱ्या भावात?" तिनं खुर्चीसकट वळून माझ्याकडं बघितलं. "आई, हिला ताप हाय का बघ."

लिहिलेल्या भावात घेतलेली ती माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू. आई चहा गाळतेय तोवर पॅक उतरला. अख्खा दिवस घेणारे ते मोठे आणि हा एवढासा. दोरी कुठं बांधायची यावरून तिथंच जुंपली. मी म्हटलं मागच्या अंगाला, दारात धुणं शोभत नाही. ती म्हणाली दारात, दिसायला पाहिजे. दारातच बांधली. म्हाताऱ्याची बायको टोपली घेऊन बाहेर आली आणि एकेक कपडा टाकत गेली. घर राहतं दिसू लागलं, हे मी इथं लिहिते. तिच्यापुढं म्हटलेलं नाही.

चहा झाल्यावर मी हिशेबाचं बोलले. दोरी मी घेतली, पुऱ्या भावात, तुझ्याच खात्यावर. आता पासवर्ड दे, विषय मिटला.

"देत न्हाय," ती म्हणाली.

"का?"

"एकदा दिला की झालं तुझं. मग मला कशाला बोलवशील?" तिनं कप खाली ठेवला. "खेळायचं असलं की फोन कर. मी येऊन उघडून देईन. एका खेपेला एक दुपार."

मी खूप घासाघीस केली. महिन्यातून दोनदा तरी ये म्हटलं. ती एकदावर अडली. दाजींना आणलंस तर मटण करते म्हटलं. मटण तर करायचंच, म्हणाली, पण दुपार एकच. जाताना तिनं खेळातून आपलं खातं बंद केलं आणि दोनदा तपासून बघितलं.

तेव्हापासून असंच चाललंय. निम्मे पैसे माझे असून माझ्याच घरात माझं गाव मला उघडता येत नाही. येत्या सुट्टीला ती यायची आहे. सकाळीच फोन करून सांगितलंय, येताना तोंड वर करून आणखी एखादा छोटा पॅक मागू नको म्हणून. ती म्हणाली, एकच हाय, लहानसा, त्यात एक आरसा हाय.

मी अजून हो म्हटलेलं नाही.