मधली टाळी

आज आरतीत कापराचा वास आला आणि मी दुबईच्या देरा भागातल्या आमच्या जुन्या खोलीत पोचले.

तिथे एका शुक्रवारी चर्चमधून आलेल्या शेजारच्या केनियन ग्रेस आंटींनी कॅसेट लावली होती. त्यांच्या लाडक्या, 'सोल' संगीत गाणाऱ्या अमेरिकन गायिकेची, नाव होण्याआधी चर्चमध्ये गायलेली गाणी. कोवळा, तरी आतून पेटलेला आवाज. शब्द कळत नसूनही आईने भजनाची टाळी धरली.

"वेट, सिस्टर," म्हणत आंटींनी तिचे हात हवेतच धरले आणि ठोका गेल्यावर सोडले. टाळी दोन ठोक्यांच्या मधे पडली. दुबईत आल्यापासून आई पहिल्यांदाच खळखळून हसली. "अगं, हे लोक देवाला आधी बोलू देतात!"

आई जाऊन वर्षं झाली. आज माझीही टाळी मधेच पडली.

"मम्मा, यू आर लेट," लेक कुजबुजली.

"असू दे. आजीला आधी बोलू देते."