बाळाचा घास

निवृत्त झाल्यावर गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. बालवाडीत जन्म घालवलेली बाई मी. सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत वर्ग काढला: घरकामाच्या बायकांना मुलं सांभाळायला शिकवायचं आणि नोकरदारांच्या घरी लावून द्यायचं. "मुलं सांभाळायला कसलं आलंय शिक्षण?" असं नवरा म्हणाला. बायकांचंही तेच मत. प्लास्टिकची बाहुली पुढ्यात ठेवली तेव्हा देवगावकडची एक जण फिसकन हसली. "चार लेकरं वाढवली म्याडम, आता बाहुली न्हाऊ घालू व्हय?"

कन्नड तालुक्यातली एक मात्र हसली नाही. मेंढरं राखणाऱ्या घरातली, नवऱ्यानं टाकलेली, पदरी मूल नाही. तिला सगळंच शिकवावं लागलं, आणि म्हणूनच ती माझा शब्दन् शब्द पाळायची.

माझा एक आवडता धडा होता. मूल आपल्या हातानं घास पुढं करतं, तेव्हा तोंड उघडायचं, नाही म्हणायचं नाही. दुसऱ्याला भरवायला मिळालं की हट्टी मूलही जेवतं, हे मी बालवाडीत इतकी वर्षं बघत आले होते.

तिला बँकेतल्या एका बाईच्या घरी लावलं. गावाकडे बक्कळ शेती, इथं मोठा फ्लॅट, घरात सासूबाई आणि लहानगं बाळ. माझ्या या बाईचा कप आणि ताटली वेगळी, गॅलरीत. ते मला नवं नव्हतं. चांगल्या चांगल्या घरांत असतं, आणि वर त्याला स्वच्छता म्हणतात. बाळ मात्र हिच्याशिवाय जेवेना. एका दुपारी त्यानं चांदीच्या वाटीतला वरणभात मुठीत घेतला आणि हिच्या तोंडाशी नेला. हिनं तोंड उघडलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथं तिला घालवून दिलं. बाळाला हातसुद्धा लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्या दारात. "लेकराच्या ताटातलं खाल्लं तिनं. वाटी फेकून द्यावी लागली."

चांदीची वाटी कुणी फेकत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "तसं मीच शिकवलंय."

"मग तुमचं शिक्षण तुमच्यापाशीच ठेवा," म्हणाल्या आणि गेल्या. गेल्या त्या साऱ्या कॉलनीत सांगत गेल्या. मला येणारे फोन आटले.

मग एक फोन आला तो त्या बँकेतल्या सुनेचा. बाळ जेवत नव्हतं. घास हातात धरून दाराकडे बघत बसायचं. "तिला परत पाठवा ना काकू. फक्त सांगून ठेवा, त्यानं घास दिला तर तोंड बंद ठेवायचं. आमच्या घरात असलं चालत नाही."

दिवसभर साऱ्या गावाच्या हातच्या नोटा हाताळणारी बाई ही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिकडे लेकरू उपाशी होतं, म्हणून राग गिळला आणि मुकुंदवाडीला तिच्याकडे गेले. ती भावाच्या खोलीत राहायची, आता लोकांची भांडी घासायची. मी सगळं सांगितलं, अटसुद्धा.

"जेवत नाय का त्यो?" एवढंच तिनं विचारलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, निघेल. तिनं उठून चहा ठेवला.

चहा माझ्या हातात देत म्हणाली, "त्यो घास पुढं करील, अन् म्या तोंड मिटून बसू? ते कसं करायचं, तेवढं शिकवा म्याडम. लगेच जाते."

शिकवायचं म्हटलं की माझं तोंड थांबत नाही. हा धडा मात्र माझ्यापाशी नव्हता; चहा संपवून उठले. घरी आले आणि दारावरची वर्गाची पाटी काढली.