फळीवरची रेघ

आमच्या चांदा जिल्ह्यातल्या गावाला तलाव मोठा, आणि आम्ही ढिवर त्या तलावावरच जगायचो. जाळी टाकायला डोंगा नव्हता, फळी होती. माणसाच्या उंचीची, दीड वीत रुंद, सावरीच्या लाकडाची, पुढून निमुळती. तिच्यावर पालथं पडायचं आणि हातांनी पाणी ओढत जायचं. गावातल्या सगळ्या फळ्या माझा बा बनवायचा. ज्याची फळी त्याच्याच मापाची. वाकसानं तासून झाली की बा त्या माणसाला तिच्यावर पाडून उथळ पाण्यात ढकलायचा आणि पाणी जिथवर चढेल तिथं कडेला सुरीनं रेघ मारायचा.

"फळी म्हातारी झाली का पाणी पेते, मंग रेघ बुडते," बा सांगायचा. "वर कधी येत नाई." मी नुसतं हूं म्हणायचो. दोन लेकरांचा बाप होतो मी, मला कोण शिकवणार!

इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बाची जुनी फळी चिरली आणि नवी मी एकट्यानं करायला घेतली. माझी पहिलीच. लांबी, रुंदी, जाडी जुनी काठावर पडली होती तशीच, न उलटवता, तिच्यावरूनच उचलली, आणि शहाणपणा असा की रेघही काठावर बसूनच मारून टाकली, जुनीवर होती तिथंच. बा नव्या फळीवर पडला, तर रेघ पाण्याच्या चांगली बोटभर वर राहिली. काठावरचे लोक बघतच राहिले. इतकी हलकी फळी बाच्या हातूनही कधी झाली नव्हती.

"लाकूड बेस निवडलं रे तू," बा म्हणाला.

मग काय, मी हवेत. महिनाभर गावात मिरवलो. बाला चिडवायचो, "आता तू घरी बस, वाकस माह्याकडं दे." तो हसायचा.

महिन्यानं जुनी फळी चुलीसाठी फोडावी म्हणून उचलायला गेलो, तर उचलेना. उलटी केली. खालून दोन चपटे दगड दोरीनं करकचून बांधलेले. आधी संतापच आला, कोणी केला हा हलकटपणा? मग गाठ ओळखली. ती बाची होती.

दगड नसते तर जुनी फळीही अशीच वर आली असती. लाकूड हलकं नव्हतंच. माझा बा हलका झाला होता. हल्ली तो पाण्यातसुद्धा अंगातली बंडी काढत नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

दगड घेऊन मी तसाच तलावावर गेलो आणि बापावर ओरडलो, "हे काऊन केलं?"

बा जाळं सोडवत होता. त्यानं मान वर केली नाही. "मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेपासून अन्न जाऊन नाई राह्यलं. तुह्या मायले समजलं तं ती मले पाण्यात उतरू देनार नाई."

"मंग नव्या फळीले काऊन नाई बांधले?"

"बांधनार होतो. तू लय खूश होता, म्हनून राहू देलं."

स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. घरी जाऊन मी मायला सगळं सांगितलं.

ती रडली नाही. तलावावर आली आणि बाला म्हणाली, "पड फळीवर." बा मुकाट्यानं पालथा पडला. माय गुडघाभर पाण्यात शिरली, वाकली आणि पाणी नि रेघ यांच्यामध्ये एक बोट आडवं धरलं. ते बसलं. मग तिनं त्याला लागून दुसरं धरलं. तेही बसलं.

"अन् तू रोज पाह्यत होता," ती मला म्हणाली.