कवटीतली चिमणी

पुतण्याची चित्रं बघायला गेलो, ते आमचं नवरा-बायकोचं शेवटचं सोबत जाणं. विजेच्या खांबावर धोक्याच्या पाटीवर कवटी असते, तसली त्यानं भिंतीएवढी काढलेली. डोळ्याच्या खोबणीत चिमणीचं घरटं. मी मढ्याला भिणारा माणूस. म्हटलं, "चल, अशुभ आहे."

ही हसली. "अहो, भिताय काय? मेल्यावरही कुणाला तरी घर देतीय बिचारी."

चिमणीला पाटी वाचता येत नाही, म्हणून ती निर्धास्त. मलाही धड वाचता येत नाही, पण भ्यायला तेवढा शिकलो.

त्याच रात्री ही झोपेत गेली. सकाळी बायका तिला कुंकू लावायला बसल्या. म्हटलं, "सरका, मी लावतो." गार कपाळावर बोट टेकलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं.