गरम पाण्यातलं पान

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी सोनईच्या शाळेत आठवीला होते. आठवी झाली की शाळा बंद, असं घरात ठरलेलंच होतं. त्यात शाळेनं विज्ञानाचं प्रदर्शन भरवलं आणि पानं श्वास कसा सोडतात, ते दाखवायचं काम बाईंनी मला दिलं. झाडाला नाक नसतं. पानाच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, नको असलेला वायू तिथून बाहेर पडतो, हे मला पाठ होतं. पण ते दाखवायचं कसं? बाईंनी युक्ती शिकवली.

प्रदर्शनाच्या दिवशी स्टोव्हवर पाणी कढत केलं, काचेच्या बरणीत ओतलं आणि जास्वंदीचं ताजं पान चिमट्यानं आत बुडवलं. पानाच्या खालच्या अंगाला बारीक बुडबुडे धरले. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका वाकून वाकून बघायला लागल्या.

नगरहून आलेले पाहुणे साहेब हसले. "अगं, पाणी तापलं की बुडबुडे येणारच. त्यात पानाचं काय?"

मी ते पान काढलं आणि त्याच पाण्यात चमचा बुडवला. चमचा कोराच. पुन्हा दुसरं पान सोडलं, तर लगेच बुडबुडे, आणि तेही खालच्या बाजूलाच दाट.

"पाण्याचे असते तर चमच्यावरही आले असते, साहेब. पानाच्या आतली हवा तापून फुगते आणि त्या भोकांतून बाहेर पडते."

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा निरखून पाहिलं. "बरोबर आहे, बाळ. माझंच चुकलं."

"कुनाची हो पोरगी?" गर्दीत कुणीतरी विचारलं.

"माझी हाय!" मागून आवाज आला. माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा शाळेत आलेत, हे मला ठाऊकच नव्हतं. माझे कान तापले, पण मान ताठ झाली.

रात्री जेवताना आईनं विचारलं, "मग परीक्षा झाल्यावर हिची शाळा..."

"बंद न्हाई करायची," दादा म्हणाले. "मॅट्रिक हू दे तिला."

आमच्या वस्तीवरची मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मीच. निकाल कळला तेव्हा दादा धुतलेला फेटा बांधून माझ्यासोबत गावात आले. वाटेनं त्यांनी मला पुढं चालायला लावलं आणि स्वतः मागून आले.