पाऊण तास पुढे पळणारा सूर्य

"मॅडम, तुमचा सूर्य पाऊण तास पुढे पळतोय," नाझनीन म्हणाली.

नाझनीन आमच्या कर्जतच्या ऑफिसातली टेस्टर. म्हणजे आम्ही बनवायचं आणि तिनं चुका काढायच्या. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. मी ग्राफिक्समध्ये एकवीस वर्षं घासलेली. आमच्या व्हर्च्युअल ग्लोबवर, म्हणजे स्क्रीनवर फिरणाऱ्या पृथ्वीवर, खरं वाटेल असं ऊन पाडायचं काम माझ्याकडे होतं. डेमो झाला की टीम लीड नेमणार होते. आणि सर हल्ली ऊठसूट "नाझनीनला विचारा" म्हणायला लागले होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"तुला शेडर लिहिता येतो का गं?" मी विचारलं.

"नाही मॅडम."

"मग?"

शेडर म्हणजे स्क्रीनवरच्या एकेका ठिपक्याला 'तू किती उजळ दिसायचंस' हे सांगणारा छोटासा प्रोग्राम. सूर्य समोर असेल तर ठिपका उजळ, तिरपा असेल तर मंद, पाठीमागे गेला की अंधार. सूर्यास्ताचा तांबूस रंग जमवायला मी दीड महिना खपले होते. त्याबद्दल ही बया एक शब्द बोलली नाही.

"आमच्या घरी नमाजचं वेळापत्रक असतं ना," ती म्हणाली. "काठीची सावली दुपारच्या सावलीहून काठीभर वाढली की असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळ होते. काल आमच्या गावी, लोधिवलीला, अब्बांनी अंगणात काठी रोवली, मी फोटो काढला. वेळापत्रक बरोबर निघालं. तुमच्या ग्लोबवर त्याच वेळी सावली कितीतरी लांब येते."

तिनं ऑफिसच्या चुकांच्या यादीत रीतसर बग नोंदवला, फोटोसकट. मी तो 'नॉट अ बग' म्हणून बंद केला. वर शेरा मारला, "काठी वाकडी असेल."

दुसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून कोड उघडला. कपाळावर हात मारला! घड्याळात बारा वाजले की सूर्य माथ्यावर, असं मी धरून चालले होते. पण सगळ्या देशाचं घड्याळ लागलंय दूर पूर्वेकडच्या एका रेखांशावर. कर्जतला सूर्य माथ्यावर येईपर्यंत साडेबारा उलटून जातात. एवढी साधी गोष्ट, आणि ती तिला दिसावी! मी गुपचूप दुरुस्ती केली. तिला सांगितलं नाही, सरांनाही नाही.

डेमोला क्लायंट आले. पळसदरीला फार्महाउसचे प्लॉट विकणारे शेठ. कुठल्या प्लॉटवर किती वाजेपर्यंत ऊन, हे त्यांना गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं.

"डोंगराची सावली झ्याक पडतीय," शेठ म्हणाले. "पन ह्ये खरं कशावरनं? उद्या गिऱ्हाईक माज्या नावानं शिमगा करंल."

"आमच्याकडे प्रत्येक टेस्टची नोंद असते," म्हणत सरांनी मोठ्या स्क्रीनवर बगची यादी उघडली आणि 'सूर्य' शोधलं. एकच नोंद आली. अब्बांच्या अंगणातली काठी, तिची सावली आणि खाली माझ्या नावानिशी शेरा, आणि त्याखाली दुसऱ्याच दिवशी मी कोड दुरुस्त केल्याची आपोआप पडलेली तारीख. सरांनी तो मोठ्यानं वाचला.

शेठ खो-खो हसले. "म्याडम, काठी तर सरळ हाय की वो!"

"बग नव्हता, तर मग दुरुस्त काय केलंत?" सरांनी विचारलं.

नाझनीनच म्हणाली, "सर, सूर्याची वेळ मॅडमनीच सुधारली. मला कुठे कोड येतो?"

तिनं मला सांभाळून घेतलं, आणि तेच जास्त झोंबलं. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं!

शेठनी काम दिलं. लीड नाझनीन झाली. माझी रजा आता तीच मंजूर करते, तीही हसतमुखानं. हेवा गेला का? छे हो! पण एक शिकले. ज्युनिअरवर जळायचं तर खुशाल जळावं, फक्त लेखी जळू नये.