हसनभाईंचं नवं मशीन

पाळणा तयार झाला की हसनभाई त्यावरून कापसाचा बोळा फिरवायचे. एक तंतू जरी लाकडाला अडकला तरी पाळणा माझ्यापुढे परत यायचा.

"आक्का, हितं कापूस धरतंय. लेकराचा गाल सुटंल व्हय?"

"लेकरू गोधडीत असतं, भाई."

"गोधडी सरकती. पुन्यांदा घासा."

जुन्नरच्या पेठेत त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. पाळणे, पाट, देव्हारे करायचे. मुसलमान माणूस देव्हारे करतो म्हणून कुणी टोमणा मारला तर म्हणत, "देवाला इचारा, त्याची काय तक्रार हाय का." एकदा निरगुडसरचं एक गिऱ्हाईक देव्हाऱ्यासाठी फार घासाघीस करायला लागलं, तेव्हा म्हणाले, "पावणं, आत देव बसणार हाय. जरा त्याच्या तोंडाकडं बघा."

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मी त्यांच्याकडे कामाला लागले. नवरा गेलेला, गुडघे गेलेले. खुरपणीला मला कुणी बोलवत नव्हतं. हे काम बसून होतं.

भाईंचं घासायचं मशीन त्यांनी स्वतःच जुळवलेलं. जुनी मोटर, तिला लाकडी चकती, चकतीला चिकटवलेला पॉलिश पेपर. ते भुसा उडवायचं आणि लाकडावर गोल गोल चरे ठेवायचं. ते चरे हाताने घासून काढायचे, हेच माझं काम. मी दाराशी बसायचे, नाकाला पदर. भुसा सगळा भाईंच्या तोंडावर. रुमाल बांधा म्हटलं तर म्हणायचे, "मग लाकडाचा वास कसा यायचा? सागवान हाय का दुसरंच काय, नाकच सांगतं."

संध्याकाळी ते माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवत. "खावा. गुळानं भुसा खाली उतरतो." आम्हालाही ते खरं वाटायचं. पेठेतले सगळे सुतार तेच करत. गूळ जातो पोटात आणि भुसा बसतो छातीत, एवढं साधं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढे भाईंना खोकला लागला. डॉक्टरने छाती तपासली आणि भुशापासून लांब राहा म्हणून सांगितलं. त्याच सुमाराला नारायणगावच्या एका सुताराकडे पुण्याहून नवं मशीन आलं होतं. भाई बघून आले.

"कसं हाय?" मी विचारलं.

"लई भारी. फळी आरशागत. भुसा आपला आपण पिशवीत जातो. चरा म्हणून न्हाई."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जुन्या मोटरीकडे. "बघू. आपलं चाललंय की."

मी मूर्ख नव्हते. चरा नाही म्हणजे मला काम नाही, हे मला तिथेच कळलं. ते कशासाठी थांबलेत, तेही कळलं. आणा म्हणायला हवं होतं. मी पेपर दुमडला आणि घासायला लागले.

अशी दोन वर्षं गेली. खोकला वाढला. जिना चढताना ते मध्येच बसायला लागले.

एक दिवस भाभी, म्हणजे त्यांची बायको, माझ्या घरी आली. तोवर कधी आली नव्हती. उंबऱ्यातच उभी राहिली.

"आक्का, राग धरू नका. पैसा बाजूला ठिवलाय. पन ते म्हनत्यात, मशीन आनल्यावर आक्कानं कुटं जायाचं?"

"मला ठावं हाय," मी म्हणाले.

"ठावं हाय?"

भाभी माझ्याकडे बघतच राहिली. मग पदर सावरून निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी भाईंना म्हणाले, "माझा हात दुखतोय. उद्यापासनं येत न्हाई. मशीन आणा."

"कुठं दुखतोय, दावा."

"तुमी काय डॉक्टर हाय?"

ते हसले, आणि हसता हसता इतके खोकले की मलाच पाणी द्यावं लागलं.

मशीन आलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. त्यांनी एक फळी घासली. जमिनीवर भुसा पडला नाही. त्यांनी माझ्या हातात कापूस दिला. मी फिरवला. कुठेच धरला नाही.

"आयुष्यभर असं काम करायचं व्हतं, आक्का," ते म्हणाले आणि स्टुलावर टेकले.

तीन आठवडे त्यांनी ते चालवलं. मग अंथरुणाला लागले. मी भेटायला गेले तेव्हा एका वाक्याला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागत होता.

"काम मिळालं का?"

"मिळालं. शाळेत खिचडी शिजवायचं. बसून हाय."

"बसून हाय ना?" त्यांनी डोळे मिटले. "मग बरं झालं."

चौथ्या दिवशी ते गेले.

मला कुठेच काम मिळालेलं नव्हतं. हात दुखतोय हे खोटं होतं, खिचडीचंही खोटं. या दोन्हींचं मला वाईट वाटत नाही. त्याआधी दोन वर्षं मी दाराशी, मोकळ्या हवेत बसून गप्प राहिले, त्याचं वाटतं.